नवी विंडोज घ्यावी काय?

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं काढलेल्या विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्या दिवशीं कोणाचाहि संगणक बंद पडला नाहीं. म्हणूनच पुष्कळांस विंडोज ११ चा खटाटोप व्यर्थ वाटतो. चौकटींचे कोपरे गोल झाले, स्टार्टची कळ मध्यभागीं आली, एवढ्यासाठीं बसलेली घडी कां मोडावी, हा त्यांचा सवाल गैर नव्हे.

परंतु प्रश्न शोभेचा नाहीं. अशा व्यवस्थेंत उणिवा सांपडतच राहतात व त्या बुजविणारी दुरुस्ती कंपनी पाठवीत असते. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें इंग्लंडांतील अनेक इस्पितळांचें काम अडविलें. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती विंडोजच्या चालू आवृत्त्यांकरितां मार्चमध्येंच निघाली होती. ती ज्यांनीं बसविली नाहीं ते नाडले गेले. मग दुरुस्ती येणेंच थांबलें तर?

तेव्हां ज्याचें यंत्र पात्र असेल त्यानें विंडोज ११ घ्यावी. विंडोज १० वरून जाण्यास मूल्य पडत नाहीं. अडचण जुन्या यंत्रांची आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यांत हवी, आणि इंटेलचे आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर कंपनीस मान्य नाहींत. एवढ्यावरून धडधाकट यंत्र भंगारांत घालणें ही निव्वळ उधळपट्टी होय. त्यावर लिनक्स विनामूल्य बसवितां येतें. मायक्रोसॉफ्टचें ऑफिस त्यावर थेट चालत नाहीं, परंतु पत्रव्यवहार, वाचन व घरचा हिशेब यांस लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स पुरतात.