शेराचे कुंपण स्वस्त खरे, पण चीक सांभाळा



मोकाट गुरांपासून उसाचा फड राखायला आपल्याकडे बांधावर शेर लावतात. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. पाने नावालाच, अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात, म्हणून ते कमी पाण्यावर तगते. चिकामुळे गुरे तोंड लावत नाहीत.

लावण पावसाच्या तोंडाला करावी. हातभर फाटे तोडून आठवडाभर सावलीत सुकू द्यावेत. चीक वाळून काप भरला की मगच वीत-दीड वीत अंतराने रोवावेत. ओला फाटा कुजतो. बांध उंच, निचऱ्याचा हवा. पाटाकडेला किंवा चोपण रानात शेर टिकत नाही. दरवर्षी छाटणी करा, नाहीतर झाड वाढून उसावर सावली धरते.

आता आमचे मुख्य सांगणे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, बुबुळाला इजा होते, नजरही जाऊ शकते. छाटताना चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे घालावेत. चीक उडालाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटे धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दूध, तूप, पाल्याचा रस घालत बसू नका.

हंगामात तोडणी टोळ्यांची पोरे बांधावरच खेळतात. म्हणून कोप्यांसाठी जागा शेरापासून लांब द्या, छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नका आणि टोळी आली की मुकादमाला हे पहिल्याच दिवशी सांगा. फड आपला, तशी ही जबाबदारीही आपलीच.