टिलर चढवायची फळी

विंझरच्या खाचरांत चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलर पिकअपमधून इकडून तिकडे फिरतो. हौदा जमिनीपासून अडीच फूट उंच धरला, तर पाच फुटी फळीचा चढ 30 अंशांचा होतो. 300 किलोचं यंत्र 150 किलोच्या जोराने मागे ओढतं. आठ फुटी फळीवर तोच जोर 95 किलोच्या आत येतो.

पण खरा घात वरच्या टोकाला. चढताना चाक फळीला मागे रेटतं. नुसती टेकवलेली फळी निसटते आणि यंत्र मागे चालणाऱ्याच्याच अंगावर येतं. म्हणून आकडा हवाच, शिवाय फळी साखळीने गाडीला बांधा. उतरवताना डावा क्लच दाबला तर सुटलेलं डावं चाक भरभर धावतं, टिलर उजवीकडे वळतो. तेव्हा फळीवर क्लचला हात नको. जमलं तर गाडी बांधाला मागून लावा, चढ बराच कमी होतो.