संशोधनोपयोगी छायाचित्रप्रती व ऑनलाइन लॅबची निवड

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाकरिता दोन मोडी पत्रांच्या छायाचित्रप्रती एका ऑनलाइन लॅबकडून करवून घेतल्या. एक पत्र अस्सल असून दुसरे त्याची मागाहून केलेली नक्कल होय, असे त्याचे प्रतिपादन होते. आणि त्याचा एक आधार दोन्ही कागदांच्या रंगांतील भेद हा होता. प्रती आल्या त्या दिसावयास सुरेख होत्या. परंतु दोन्ही कागद एकाच फिकट छटेचे झाले होते, आणि अस्सल पत्राच्या अखेरीस असलेले मोर्तब कडेबरोबर अर्धे कापले गेले होते. लॅबने काम वाईट केले असे म्हणता येणार नाही. घरगुती छायाचित्रांना जे शोभते ते तिने या पत्रांना केले, इतकेच.

हा प्रकार कसा घडतो हे समजले म्हणजे लॅब निवडण्याची कसोटीही सापडते. बहुतेक लॅबमध्ये प्रत्येक छायाचित्राची उजळता व रंग यांत संगणक आपोआप सुधारणा करतो. चित्रात सर्व छटा साधारण सारख्या प्रमाणात असाव्यात, असे तो धरून चालतो. संपूर्ण चौकट तपकिरी कागदाने व्यापलेली असली की त्याला तो कागद दिसत नाही, रंगाचा दोष दिसतो; आणि तो दोष तो काढून टाकतो. काळ्या पाषाणावरील शिलालेख याच न्यायाने करडा होतो, ताम्रपटाची तांबूस झाक नाहीशी होते. म्हणून लॅबला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ही सुधारणा पूर्णपणे बंद करता येते काय? दुसरा प्रश्न रंगप्रोफाइलचा. छपाईयंत्र व कागद यांच्या जोडीचे प्रोफाइल जी लॅब ग्राहकास उतरवून घेऊ देते, तिची प्रत कशी येईल याचा अंदाज पडद्यावरच बांधता येतो. पुष्कळ लॅब केवळ एसआरजीबी पद्धतीच्या फाइली स्वीकारतात. त्यात गैर काही नाही. मात्र अशा ठिकाणी अ‍ॅडोबी आरजीबी मधील फाइल तशीच पाठविल्यास, व प्रोफाइलकडे दुर्लक्ष झाल्यास, रंग निस्तेज येतात. या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

कापल्या गेलेल्या मोर्तबाचे कारण निव्वळ अंकगणिती आहे. अनेक कॅमेऱ्यांच्या चौकटीचे प्रमाण ३:२ असते. ते ८ × १२ इंच कागदावर बरोबर बसते, ८ × १० वर बसत नाही. लांबीचा सहावा भाग टाकावा लागतो. शिवाय बिनकाठाच्या प्रतीत चारही बाजूंनी थोडा भाग जातोच. पांढरा काठ ठेवून संपूर्ण चौकट छापण्याची सोय असेल तीच घ्यावी. आकाराविषयी इतके पुरे की, दर इंचास ३०० पिक्सेल या हिशेबाने ८ × १२ इंचांस २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. मोबाइलवरून पाठविताना काही अ‍ॅप फाइल गुपचूप लहान करतात, तेव्हा संगणकावरूनच पाठविणे बरे.

'प्रीमियम', 'प्रोफेशनल' ही विशेषणे लॅबवाले सढळ हाताने वापरतात. त्यांवरून काही कळत नाही. प्रत कोणत्या प्रक्रियेने होणार, हे विचारावे. सिल्व्हर हॅलाइड पद्धतीत प्रकाशसंवेदी कागदावर प्रतिमा पाडून ती रसायनांत धुतात. छटा अखंड येतात व किंमत माफक असते. पिगमेंट शाईची इंकजेट प्रत महाग पडते, पण प्रकाशात ती सामान्यतः अधिक टिकते. छायाचित्रांचे पुस्तक मात्र बहुधा डिजिटल मुद्रणयंत्रावर छापले जाते. तेथे प्रतिमा ठिपक्यांची असते, आणि बोरूच्या बारीक फराट्यांच्या कडा भिंगाखाली तुटक दिसतात. अक्षरवटिकेचा अभ्यास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

टिकाऊपणाचे आकडेही जपून वाचावेत. शंभर वर्षे कोणी वाट पाहिलेली नसते. प्रखर प्रकाशात थोडा काळ ठेवून पुढचा हिशेब मांडलेला असतो. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या संस्थेने त्या हिशेबात दिवसाला १२ तास ४५० लक्स प्रकाश गृहीत धरला, तर कोडॅकने १२० लक्स. एवढ्या एका गृहीतकापायी त्याच प्रतीचे आयुष्य कागदोपत्री जवळजवळ चौपट होते! अनेक घरांतील १९७० च्या सुमाराची रंगीत छायाचित्रे आज तांबूस झालेली दिसतात, तीही अल्बमच्या अंधारात. निळसर रंगद्रव्य आधी विरले, म्हणून.

एवढे पाहिल्यावर दोन-तीन लॅब उरतील. त्यांना एकच फाइल पाठवावी. तीत १९७६ पासून प्रचारात असलेला २४ चौकटींचा मॅकबेथ रंगतक्ता, करड्या छटांची पट्टी व आपल्या विषयातील एखादे प्रत्यक्ष पान असावे. आलेल्या प्रती पडद्याशी ताडू नयेत. पडदा बहुधा फाजील उजळ ठेवलेला असतो, आणि 'प्रत काळी आली' ही तक्रार पुष्कळदा तेथूनच उद्भवते. खिडकीजवळच्या सावलीतील उजेडात मूळ तक्ता व मूळ पान शेजारी ठेवून पाहावे, आणि मग ट्यूबलाइटखाली. काही शाया दिव्यागणिक रंग बदलतात. महिन्याभराने तीच फाइल, काही न सांगता, पुन्हा पाठवावी. पहिली प्रत उत्तम व दुसरी निराळी, असे झाल्यास ती लॅब आपल्या कामाची नाही, मग पहिली कितीही सुंदर असो. किंचित मंद पण दोन्ही वेळा सारखी प्रत देणारी लॅब आम्ही पत्करली आहे. पावसाळ्यात ती प्रती पुठ्ठ्यात सपाट बांधून ओलाव्यापासून जपून पाठविते, हेही एक कारण.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे मालकांची पुन्हा परवानगी काढून दोन्ही पत्रे एकाच चौकटीत, रंगतक्ता व मापपट्टीसह टिपली. संगणकाने फेरफार केलाच, तरी तो आता दोहोंवर सारखाच झाला असता. कागदांतील भेद त्या प्रतीत स्पष्ट उतरला, आणि मोर्तबही पुरते आले.