उंदीर पकडणारी कोंबडी!

चिकन आणि अंडी म्हणजे डाएटवाल्यांपासून जिमवाल्यांपर्यंत सगळ्यांचा फेव्हरिट मेन्यू. पण तुमच्या ऑम्लेटमागची कोंबडी वेगळी आणि टिक्क्यातली वेगळी, हे कधी लक्षात आलंय? पहिली लेयर, दुसरी ब्रॉयलर. पूर्वी हा स्पेशलायझेशनचा फंडा नव्हता. अंडी आणि मटण, दोन्ही खाती एकीनंच सांभाळायची. अशीच एक मल्टिटास्कर म्हणजे अमेरिकेतली बकआय.

हिची जन्मकथा भन्नाट आहे. १८९० च्या दशकात ओहायो राज्यातल्या वॉरन गावी नेटी मेटकाफ या बाईंनी बफ कोचीन आणि बार्ड प्लायमाउथ रॉक यांचा संकर केला. पिल्लं निघाली थोराड, पण आळशी! मग बाईंनी त्यात झुंजीच्या लाल कोंबड्यांचं रक्त मिसळलं आणि जमलं की! ऱ्होड आयलंड रेड ही तोवर गाजू लागलेली जात दिसायला बरीचशी अशीच. तरी बाईंनी आपल्या कोंबडीची वेगळी ओळख सोडली नाही. ओहायोचं टोपणनाव ‘बकआय स्टेट’, तेच तिला दिलं. १९०४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यताही मिळाली. एका स्त्रीनं घडवल्याची नोंद असलेली ही एकमेव अमेरिकन जात!

रंग गडद तांबूस, शेपूट काळी, पाय पिवळे. कोंबडा साधारण चार किलोंचा, कोंबडी तीनची. अंडी तपकिरी. तुरा बसका, डोक्याला चिकटलेला, त्यामुळे बर्फाळ थंडीत तो गोठण्याची भीती कमी. स्वभावानं माणसाळलेली, पण खुराड्यात डांबलेलं हिला आवडत नाही. मोकळ्यावर फिरत किडे टिपणार आणि मांजरासारखे उंदीरही पकडणार!

मग ही दुर्मीळ का झाली? उत्तर सोपं आहे : वेळ. ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार, बकआयला त्याच्या दुपटीहून जास्त. अंड्यांतही लेयर पुढेच. धंद्याच्या हिशेबात ऑलराउंडर मागे पडली. २००५ मध्ये एका संवर्धन संस्थेनं चांगल्या वाढीची पाखरं निवडून पैदास करायचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा कुठे तिला पुन्हा पाळणारे मिळू लागले.

गंमत म्हणजे, इथे वाघासारखं ‘मारू नका’ म्हणून चालत नाही. कोंबडी खाणारं गिऱ्हाईक असेल, तरच शेतकरी ती पाळणार. आपल्या गावरान कोंबडीचंही गणित याहून वेगळं नाही. तेव्हा पुढच्या वेळी गावरानचा भाव ऐकून भुवया उंचावल्या, तर एवढं आठवा : त्यातले निम्मे पैसे वेळेचे असतात!