एफ्रेन रेयेस
एफ्रेन मनालांग रेयेस (जन्म : २६ ऑगस्ट १९५४) हे फिलिपिन्सचे पूल खेळाडू आहेत. 'बाता' आणि 'जादूगार' या टोपणनावांनी ते ओळखले जातात.

नाइन-बॉल या प्रकारात पांढरा चेंडू प्रथम टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला लागावा लागतो. तो न लागल्यास फाउल होऊन प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू टेबलावर कोठेही ठेवून खेळता येते. त्यामुळे केवळ अचूक नेमबाजीवर विजेतेपद मिळत नाही. प्रत्येक फटक्यानंतर पांढरा चेंडू पुढील फटक्यास सोयीच्या जागी थांबवणे आणि वाट अडलेली असताना तो टेबलाच्या कडेवर आदळवून लक्ष्य गाठणे, ही खेळाडूची खरी कसोटी असते. या दुसऱ्या कौशल्यासाठी रेयेस विशेष प्रसिद्ध आहेत.

१९९४ मध्ये यू.एस. ओपन नाइन-बॉल स्पर्धा जिंकणारे ते अमेरिकेबाहेरील पहिले खेळाडू ठरले. १९९६ मध्ये हाँगकाँग येथे अर्ल स्ट्रिकलंड यांच्याशी त्यांची तीन दिवसांची लढत झाली. प्रथम १२० डाव जिंकणाऱ्यालाच १,००,००० डॉलरचे संपूर्ण पारितोषिक मिळणार होते. रेयेस १२०–११७ असे विजयी झाले. १९९९ मध्ये नाइन-बॉलचे आणि २००४ मध्ये एट-बॉलचे जागतिक विजेतेपद मिळवून दोन प्रकारांत विश्वविजेते होणारे ते पहिले खेळाडू ठरले. नाइन-बॉलमध्ये चेंडूंचा क्रम नियमाने ठरलेला असतो, तर एट-बॉलमध्ये आपल्या गटातील चेंडूंचा क्रम खेळाडूला स्वतः ठरवावा लागतो. म्हणून हे दुहेरी यश महत्त्वाचे मानले जाते.