द सर्कस (चित्रपट)

द सर्कस हा १९२८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन मूक विनोदी चित्रपट आहे. चार्ली चॅप्लिन यांनी त्याचे लेखन, दिग्दर्शन व निर्मिती केली असून प्रमुख भूमिकाही त्यांचीच आहे. मर्ना केनेडी, हॅरी क्रॉकर आणि ॲलन गार्सिया हे इतर प्रमुख कलाकार होत.

कथानक

खिसेकापू समजून पोलीस मागे लागल्यामुळे एक भटक्या पळत पळत सर्कशीच्या रिंगणात शिरतो. कंटाळलेले प्रेक्षक त्याच्या धांदलीवर पोट धरून हसतात. डबघाईला आलेल्या सर्कशीचा मालक त्याची चाचणी घेतो. पण ठरवून हसवणे त्याला मुळीच जमत नाही. अखेर त्याला सामान वाहणारा हरकाम्या म्हणून ठेवले जाते. त्याच्या हातून होणारे गोंधळ हेच खेळाचे मुख्य आकर्षण ठरते. मात्र ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवली जाते. मालकाची छळ सोसणारी सावत्र मुलगी त्याला खरे काय ते सांगते, तेव्हा तो पगारवाढ मिळवतो. पुढे तिचे मन दोरावर चालणाऱ्या रेक्सवर जडते आणि भटक्याचा विनोद आटतो. एकदा रेक्सच्या जागी तो दोरावर चढतो. कमरेचा आधार सुटलेला असतो आणि माकडे अंगावर चढतात. शेवटी तो दोघांचे लग्न लावून देतो व सर्कशीच्या गाड्या निघून गेल्यावर रिकाम्या रिंगणात एकटाच उरतो.

निर्मिती

पडद्यावरील संकटांपेक्षा पडद्यामागची संकटे कमी नव्हती. चित्रीकरणापूर्वीच वादळाने तंबू उद्ध्वस्त केला. दोरावर चालण्याची कला चॅप्लिन स्वतः शिकले होते. परंतु त्या प्रसंगांच्या फिल्मवर ओरखडे आढळल्याने ते पुन्हा चित्रित करावे लागले. सिंहाच्या पिंजऱ्यातील दृश्यासाठी दोनशेच्या आसपास टेक झाले. सप्टेंबर १९२६ मध्ये स्टुडिओला आग लागली. त्यानंतर पत्नी लिटा ग्रे यांच्या घटस्फोटाच्या दाव्यामुळे काम सुमारे आठ महिने थांबले.

पुरस्कार व पुनःप्रदर्शन

१९२९ च्या पहिल्या अकादमी पुरस्कार सोहळ्यात चॅप्लिन यांना स्पर्धेतील गटांतून वगळून या चित्रपटासाठी विशेष पुरस्कार देण्यात आला. १९६४ च्या आत्मचरित्रात मात्र त्यांनी या चित्रपटाच्या निर्मितीविषयी जवळपास मौनच पाळले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुनःप्रदर्शनासाठी त्याला नवे संगीत दिले. त्यातील सुरुवातीचे गीत वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या चॅप्लिन यांनी स्वतःच गायले आहे.