आवडतं गाणं आणि आवडता बँड

हमरापूरसारख्या गणपतीच्या गावात रॉक बँडवर बोलायचं म्हणजे काही जणांना गंमत वाटेल. पण माझा प्रश्न तत्त्वज्ञानातला आहे. पंधरा-सोळा वर्षांचं पोर एखाद्या बँडला ‘माझा’ म्हणतं, तेव्हा नेमकं काय घडतं? घरोघरी मोठी माणसं ‘गोंगाट आहे, वयाचा परिणाम’ असं म्हणून विषय मिटवतात. तो इतका सहज मिटण्यासारखा नाही.

आधी एक फरक करू. गाणं आवडणं वेगळं आणि बँड आवडणं वेगळं. गाणं कानावर पडलं, छान वाटलं, संपलं. बँडचं तसं नसतं. आता बघा, आपल्याकडे कारखान्यात वाढलेला माणूस मूर्ती दुरून पाहूनच सांगतो, ही कुणाच्या हातची. रंग वेगळा, आसन वेगळं, तरी डोळ्यांच्या आखणीत हात कळतो. बँड आवडणं म्हणजे असा हात ओळखू येणं. त्यासाठी एक मूर्ती पुरत नाही, अनेक पाहाव्या लागतात. म्हणून अल्बम लागतात.

१९७० साली मी सतरा वर्षांचा होतो, मुंबईत शिकत होतो. काळा घोड्याजवळच्या रिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकता यायची. हे दुकान २०१६ साली बंद झालं. त्या वेळची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची, एका बाजूला साधारण वीस मिनिटांचं संगीत. मधलं गाणं नको असेल तर सुई उचलून पुढे ठेवता यायची, पण चरा पडायची भीती. म्हणून न आवडणारं गाणंही ऐकलं जायचं आणि पाचव्या-सहाव्या वेळी तेच आवडू लागायचं.

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचं उदाहरण घेऊ. त्यांचे पहिले दोन अल्बम १९६९चे. इलेक्ट्रिक गिटारचा दणदणाट. १९७०मध्ये तिसरा आला आणि त्यातली बरीच गाणी साध्या, अकूस्टिक गिटारवर! अनेक समीक्षक गोंधळले. ऐकणाऱ्या पोरापुढे तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो: आवाज बदलला, मग ‘तोच’ बँड म्हणायचा कशावरून? द्रव्य बदललं तरी वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. पोराला तो पुस्तकाआधी कानाने भेटतो.

पुढची गोष्ट तर आपल्या मुंबईतली. १९७२ साली याच बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ साली, ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. तबला आहे, तंतुवाद्यं आहेत, तरी हात ओळखू येतो.

आता कांट काय म्हणतो? १७९०च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये तो सांगतो, एखादं मद्य ‘मला रुचतं’ एवढं म्हणून भागतं. पण ‘हे सुंदर आहे’ म्हणताना आपण दुसऱ्याच्याही संमतीची अपेक्षा धरतो. पोरगा एक इयरफोन पुढे करून ‘बाबा, हे ऐका ना’ म्हणतो, तेव्हा तो हेच करत असतो. देव, जात, आडनाव, जेवणातल्या आवडीनिवडीसुद्धा त्याला घराने दिलेल्या असतात. हा बँड मात्र त्याने स्वतः निवडलेला, आणि त्या निवडीला तो तुमची साक्ष मागतोय.

आज मोबाइल एक गाणं संपायच्या आत दुसरं पुढे करतो. त्यामुळे आवडती गाणी पुष्कळ मिळतात, हात ओळखायला मात्र सवड मिळत नाही. म्हणून मुलांना माझं सांगणं, एक अल्बम निवडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्या क्रमाने ऐका. आणि पालकांनो, पोराने इयरफोन पुढे केला तर तेवढी चाळीस मिनिटं त्याच्याजवळ बसा. आवडलं नाही तर तसं सांगा, पण का नाही आवडलं तेही सांगा. त्यातून जो वाद होईल, तो घरातला सौंदर्यशास्त्राचा पहिला तास असेल.